डोंगराचा बूट

ऑफिसातल्या लोकांनी माहूरकडच्या डोंगरात दिवसभर चालायला जायचं ठरवलं, तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. यादी भिंतीला लावली होती. मी पेन घेतलं आणि सगळ्यात खाली माझं नाव लिहिलं.

आमचे मोठे बाबू ते वाचून म्हणाले, "बरं झालं मॅडम. तुम्ही खाली जीपपाशी बसा. बॅगा सांभाळायला एक माणूस लागतंच."

"मी वर येणार आहे," मी म्हणाले.

ते हसले. कुचेष्टेनं हसले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

मी दीड वर्षाची असताना माझा डावा पाय पोलिओनं गेला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि त्यालाच जोडलेला बूट, असा माझा पाय. उभं राहताना गुडघ्याचं लॉक लावायचं, बसताना काढायचं. हदगावात याच पायावर वीस वर्षं नोकरी केली. डोंगर मात्र कधी चढले नव्हते.

यादी लागल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी एसटीनं लातूरला गेले. तिथल्या वसतिगृहात राहून मी शिकले, तेव्हापासून माझे कॅलिपर एकच चाचा बनवतात. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. त्यांनी बूट हातात घेऊन उलटा केला, झिजलेल्या तळव्यावरून अंगठा फिरवला.

"बेटी, हे ऑफिसला जायचं सामान हाय. डोंगराचं न्हाई."

"मग डोंगराचं करून द्या."

"चामड्याचा पट्टा तुटला तं?"

"एक जादा द्या सोबत."

"आणि स्क्रू निघाला?"

"तेही द्या. बसवायचा कसा तेवढं शिकवा."

चाचांनी खणातून पेचकस काढला. मग मला स्टुलावर बसवून त्यांनी माझ्याच हातानं कॅलिपर खोलायला लावला. पुन्हा जोडायला लावला. तिसऱ्या खेपेला मी न विचारता जोडला, तेव्हा म्हणाले, "इतके साल पायात घातलं, आज वळख झाली." त्यांनी बुटाच्या तळाला ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा तुकडा ठोकला. काठीच्या टोकाचं रबरी बूच काढून नवं, रुंद बसवलं. निघताना मला उगीच वाटलं की बूट जड झालाय. खरंच झाला होता.

मग तीन आठवडे सराव. सकाळी कॅनॉलच्या काठानं चालायचं, संध्याकाळी शाळेच्या पायऱ्या चढायच्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कॅलिपरचा. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पडणं. आयुष्यभर मी न पडायला शिकले होते, आणि डोंगरात तर पडणारच. म्हणून सोयाबीन निघालेल्या एका शेतात जाऊन मी मुद्दाम पडू लागले. काठी बाजूला टाकायची, कुशीवर जायचं, लॉक काढायचं, गुडघ्यावर यायचं, उठायचं.

बांधावरून एक बाई धावत आल्या. "अगं माय! पडल्या का हो मॅडम?"

"न्हाई, पडायचं शिकून राहिले."

त्या बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या.

आदल्या संध्याकाळी बॅग भरायला घेतली. मायनं स्टीलचा तीन पुडांचा डबा आत ठेवला. मी तो बाहेर काढला आणि धपाटे फडक्यात गुंडाळले. ती लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. तीही परत गेली. पाठीवर ओझं एका अंगाला गेलं की मी त्या अंगाला झुकते, म्हणून पाण्याच्या दोन बारक्या बाटल्या दोन बाजूंना ठेवल्या. पट्टा घासतो तिथं लावायला टाल्कम पावडर आणि जुन्या बनियनच्या पट्ट्या, जादा पट्टा, स्क्रू, पेचकस. छत्री घेतली, ठेवून दिली, पुन्हा घेतली आणि शेवटी ठेवूनच दिली.

मायनं जमिनीवर बसून हे सगळं पाहिलं.

"चौथीपस्तोर कडेवर नेलं तुला शाळेत," ती म्हणाली. "शाळा होती म्हणून नेलं. वर काय हाय डोंगरावर?"

"मला तरी कुठं माहीत आहे?"

"मग?"

"सगळ्यांनी पाहिलंय. मीच पाहिलं नाही."

"लोकं हसतील."

"ते आत्ताही हसतात, माय. घरी बसले तरी हसतात."

ती उठली. मला वाटलं, रागावली. पण कपाटातून तिचं मऊ सुती लुगडं काढून तिनं त्याची रुंद पट्टी फाडली आणि मांडीच्या पट्ट्याखाली कशी गुंडाळायची ते दाखवलं. तोंडानं मात्र शेवटपर्यंत नको जाऊ म्हणत होती.

डोंगर मला वाटला होता त्याहून वाईट निघाला. मुरमाड वाट, वर सुटे दगड. अर्ध्या तासात सगळे पुढे गेले. मोठे बाबू दोनदा मागे येऊन म्हणाले, "मॅडम, इथपर्यंत आलात तेच लई झालं." दोन्ही वेळा मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." तिसऱ्यांदा ते आले नाहीत. एका खडकाशी गुडघ्याजवळचा स्क्रू ढिला झाला. मी खाली बसले, पेचकस काढला, घट्ट केला. तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि मला ते फार आवडलं.

वर पोचले तेव्हा बाकीच्यांची जेवणं होऊन तास झाला होता. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "टाळ्या नकोत, थोडं सरका," आणि सावलीत बसून धपाटे खाल्ले. समोर सागाचं रान उतरत गेलं होतं. फार काही नव्हतं. माझ्या डोळ्यांना पुरेसं होतं.

उतरताना दोनदा पडले, दोनदा उठले.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मांडीचं कातडं सोललं होतं. माय कोमट पाण्यानं ते पुसत होती.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "अजून डोंगर आहेत." ती पुसतच राहिली, जरा जोरानं.