टेकवलं, घेतलं

हमीदाबद्दल चांगलं सांगायचं, तर आधी ती माझ्या डोळ्यांत किती सलली ते सांगायला हवं. ते गाळलं तर बाकीचं खोटं ठरेल.

खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं काढली. हमीदा माझ्या हाताखाली आली त्र्याऐंशी साली. तिचा नवरा रज्जाक तिथेच कामाला होता. काविळीने तो गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. पदरात मेहरुन आणि आबेदा, दोन लहान मुली. अंगाने एवढीशी. कुणी नुसतं नाव घेतलं तरी दचकायची.

आमच्या खोलीचा एक रिवाज होता. स्फोटकांनी भरलेली डबी एकीने दुसरीच्या हातात द्यायची नाही. ती टेबलावर ठेवायची, वर हात तसाच ठेवायचा आणि म्हणायचं, "टेकवलं." समोरचीने डबीला हात लावून म्हणायचं, "घेतलं." ते कानांनी ऐकल्याशिवाय पहिलीने हात काढायचा नाही. मान हलवलेली चालत नसे. हमीदाला हे मी शिकवलं. पहिला आठवडाभर तिच्या तोंडून आवाजच फुटेना. मी हात न काढता तशीच उभी राहायचे आणि म्हणायचे, "ऐकू आलं नाही."

पुढे ही सवय इतकी अंगात भिनली, की मधल्या सुट्टीत लोणच्याची फोड देतानाही आम्ही टेकवलं-घेतलं करायचो. घरी मी चहाचा कप आमच्या सर्जेरावांपुढे ठेवायचे आणि हात न काढता बसायचे. ते वैतागायचे. "अगं, च्या हाय त्यो. उडायचा न्हाई."

तर हमीदा. रज्जाकची जुनी स्कूटर क्वार्टरच्या दारात गंजत पडली होती. ती विकून तिने एक वापरलेली बिनगिअरची गाडी घेतली आणि स्वतःच पडत-झडत चालवायला शिकली. मग शेजारणीला शिकवलं. शेजारणीच्या बहिणीला शिकवलं. नव्वद सालानंतर पुण्यात जिला बघावं तिला गाडी हवी होती आणि शिकवायला मात्र नवरा. तो मागून ओरडणार, ही रडत घरी येणार. हमीदा ओरडत नसे. दर रविवारी सकाळी क्वार्टरच्या मैदानावर बायकांची रांग लागायला लागली. विश्रांतवाडीहून आमची मुलगी नीरजासुद्धा जायला लागली.

महिन्याभरात नीरजा गाडी घेऊन कॉलेजात गेली. संध्याकाळी मला म्हणते, "हमीदामावशी किती शांत आहे गं! तू शिकवलं असतंस ना, मी पहिल्याच दिवशी आपटले असते."

माझ्या पोटच्या पोरीने हे म्हणावं?

खरं दुखणं वेगळंच होतं. मला शिवणाचा क्लास काढायचा होता. अठ्ठ्याऐंशी साली मी पेंटरकडून बोर्डसुद्धा रंगवून आणला होता, 'विजयमाला शिवण क्लास', निळ्यावर पिवळी अक्षरं. तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता. दर दिवाळीला साफसफाईत तो खाली यायचा, पुसला जायचा आणि परत वर जायचा. सरकारी नोकरी सोडायचं धाडस मात्र मला कधीच झालं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हमीदालाही नाही.

आणि सत्त्याण्णव सालच्या एका दुपारी डबा खाताना हीच मला म्हणते, "विजूताई, नोकरी सोडून गाडीचा क्लासच काढावा म्हणतेय. भीती वाटते हो. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं! अंगाची लाही लाही झाली. दारावर कुणी आलं तरी दचकणारी ही बाई, आणि हिने माझ्याआधी हे बोलून दाखवावं?

मी काळजीचा आव आणला. "क्वार्टर जाईल," म्हटलं. "पेन्शनीला अजून सहा वर्षं आहेत, त्यावर पाणी सोडशील. मेहरुनची दहावी आहे. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो, तेव्हा काय करशील? गाड्यांची हौस चार दिवसांची असते." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण प्रत्येक वाक्य मी तिचा चेहरा बघत बघत बोलले आणि तो जसजसा उतरत गेला तसतसं मला बरं वाटत गेलं.

तरी तिने राजीनामा लिहिला. "फक्त बरोबर या," म्हणाली. "एकटीचा पाय उचलणार नाही."

ऑफिसात दिगंबरराव हे कारकून होते. हमीदाने पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं, वर तळहात ठेवला आणि सवयीने बोलून गेली, "टेकवलं."

दिगंबररावांना आमच्या खोलीचा रिवाज काय माहीत? ते पाकिटाकडे बघत राहिले. हमीदाचा हात काही निघेना. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"बाई," ते म्हणाले, "राजीनामा आहे की पतंग? सोडायचाय की धरून ठेवायचाय?"

मागच्या टेबलावरचे हसले. हमीदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती कशाची वाट बघत होती ते त्या खोलीत फक्त मला कळत होतं. एक शब्द. मी पुढे होऊन 'घेतलं' म्हटलं असतं, तर तिचा हात सुटला असता.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले.

तिने पाकीट उचललं आणि पदराखाली घातलं. परत येताना वाटेत मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "जाऊ दे, चांगलंच झालं." आतून मी इतकी सुखावले होते, की घरी जाताना चितळेंकडून नाही, पण कोपऱ्यावरच्या हलवायाकडून पावशेर बर्फी घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी सकाळी हमीदा कामावर उशिरा आली. म्हणाली, "ताई, देऊन आले."

"घेतलं कोण म्हणालं?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"मीच. टेकवलं पण मीच म्हणाले, घेतलं पण मीच. आधी वाटलं, असं चालत नाही. मग म्हटलं, कुणी म्हणेपर्यंत तिथेच म्हातारी होईन."

मी तिला झापलं. एकटीने दोन्ही म्हणायचं नाही, हा नियमच होता. ती ऐकून घेऊन हसली. आज ती दचकली नाही.

क्वार्टर सोडून तिने दोन खोल्या कुठे घ्याव्यात? विश्रांतवाडीत, माझ्या बसस्टॉपसमोर! पुढची तेरा वर्षं मी रोज सकाळी बसची वाट बघत तिचा बोर्ड वाचला. 'हमीदा स्कूटर क्लास, फक्त महिलांसाठी.' पहिल्या पावसाळ्यात तिच्या खोल्यांशेजारच्या मैदानात चिखल झाला आणि क्लास दोन महिने बंद पडला. माझं भाकीत खरं ठरलं म्हणून मी खूश. दुसऱ्या पावसाळ्यात तिने पावसाच्या दिवसांपुरतं एका मंगल कार्यालयाचं फरशीचं आवार मिळवलं. मग एकाच्या तीन गाड्या झाल्या. मेहरुनही शिकवायला लागली.

पण सगळ्यांत जास्त जळले मी एका शब्दासाठी. बसस्टॉपवर उभी असताना तो मैदानातून ऐकू यायचा. हमीदा गाडी मागून धरून चालायची आणि म्हणायची, "टेकवलं." पुढे बसलेली पोरगी ओरडायची, "घेतलं!" तेव्हाच हमीदा हात काढायची, आधी कधीच नाही. विश्रांतवाडीभर पोरी गाडी सुरू करताना 'घेतलं' म्हणायला लागल्या. शब्द आमच्या खोलीचा, तिला शिकवला मी, आणि त्यावर नाव झालं हिचं.

दोन हजार दहा साली मी निवृत्त झाले. श्रीफळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ. सर्जेरावांचे गुडघे गेले होते, दवाखान्यात न्यायला रिक्षावाले नाटकं करायचे. नीरजा तिची जुनी गाडी ठेवून सासरी गेली होती. महिनाभर मी त्या गाडीभोवती फिरले. शेवटी एका सकाळी बसस्टॉप ओलांडून समोर गेले.

हमीदाने क्लासची एक गाडी पुढे आणली. "बसा, ताई," एवढंच म्हणाली.

साठीच्या बाईने गाडीवर बसणं म्हणजे काय, ते बसल्यावर कळतं. ती मागून धरून चालत होती, मग पळायला लागली. "टेकवलं," म्हणाली.

माझी दातखीळ बसली. एक फेरी झाली, दुसरी झाली. तीही आता पन्नाशी ओलांडलेली, तिची धाप मला ऐकू येत होती, पण हात निघत नव्हता. मी बोलले नाही, तर ही बाई पळत पळत पडेल पण सोडणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिला तसं मीच शिकवलं होतं.

"त्या दिवशी पाकिटाला नाही म्हणालात, ताई," ती मागून धापा टाकत म्हणाली. "गाडीला तरी म्हणा."

म्हणजे हिला तेरा वर्षं माहीत होतं.

"घेतलं," मी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही."

"घेतलं गं बाई, घेतलं!" मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले.

तेव्हा तिने हात काढला.