अर्धी राहिलेली वेणी

मंडळी, पडद्यावर जन्मभर आईच्या भूमिका करणाऱ्या त्या अभिनेत्री आज सकाळी गेल्या.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्या आमच्या गावी, सास्तूरला आल्या होत्या. मी आठ वर्षांची होते, आई ढिगाऱ्याखाली गेली होती. पत्र्याच्या शेडमध्ये त्या माझी वेणी घालत होत्या. फोटोवाला म्हणाला, "बाई, पोरीचे डोळे पुसा जरा."

त्या म्हणाल्या, "फोटो राहू द्या हो. वेणी अर्धी राहिलीय."

दुपारी मावशीला बातमी सांगितली. ती म्हणाली, "ती वेणी तू आठ दिवस कुणाला सोडू दिली न्हाईस गं."

एरवी सभा गाजवणारी मी, संध्याकाळी शोकसभेत माईकसमोर नुसती उभी राहिले. तशीच खाली उतरले, म्हणून आता इथं लिहितेय.

तो फोटो कधी निघालाच नाही. मी बोलले नाही, तर हे कोण सांगणार?