इरम्माचा उंबरा

रझाकारांच्या धास्तीनं आसपासच्या खेड्यांतली माणसं सोलापूरकडं निघाली. ज्यांना चालवत नव्हतं, ती आमच्या मुरूम गावात मठाच्या ओसरीवर येऊन पडली. माझे वडील महालिंगप्पा यांनी त्यांच्यासाठी मठामागं खोल्या बांधायला काढल्या.

त्यांतली एक इरम्मा. लहानपणीच पाय गेलेले, हातांवर अंग ओढत चालायची. तिचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. जरा कुठं गलका झाला की मान वर. दिवसभर बांधकामापाशीच घुटमळायची. आपल्या खोलीला वीतभर उंच उंबरा बसलेला पाहून ती गवंड्याला म्हणाली, "बलभीमा, ह्यो दगड काढ."

बलभीम हसला. "अक्का, बिनउंबऱ्याचं घर म्हंजी गोठा की!"

"मग गोठाच बांध. गुरं आपली आपण भाईर तरी पडत्यात."

वडिलांनाही ते पटेना. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय आमच्याकडं चूल पेटत नसे. ते म्हणाले, "काही झालं तर आम्ही उचलू की तुला."

"माझा भाऊबी असंच म्हणला हुता, अप्पा. पळायच्या वक्ताला गाडीत पेटी चढली, म्या ऱ्हायले."

तेवढ्यात ती हात टेकून उंबऱ्यावरून आत शिरायला गेली. छाती दगडाला घासली आणि गळ्यातलं इष्टलिंग खट्कन आपटलं. तिनं ते मुठीत धरलं.

"रोज देवाला असं आपटू व्हय?"

वडिलांचा हात आपल्याच गळ्यातल्या लिंगाशी गेला. "बलभीम, दगड खाली घे. जमिनीबरोबर. हळदकुंकू तिथंही वाहता येतं."

हे ऐकून ओसरीवरच्या आंधळ्या सीताबाई ओरडल्या, "माझा ऱ्हाऊ द्या बरं! पायाला दार त्याच्यावरनंच कळतंय."

मग वडील एकेकाला विचारत फिरले. "आता खाटेलाबी विचारा, कुठं बसती म्हणून," बलभीम कुरकुरला. पण ज्याला जसं हवं तसं त्यानं करून दिलं.

खोल्यांत माणसं राहायला आल्यावर एका दुपारी बाजारात आरडाओरडा झाला. आम्ही धावत मठामागं गेलो. इरम्मा खोलीत नव्हती. ती पार रस्त्याला जाऊन लागली होती, तळहात सोललेले. आलं कुणीच नव्हतं, एक बैल बुजला होता.

"चल आत," वडील म्हणाले.

ती धापा टाकत होती. "जाते की. कुणी उचलू नगा, माझी मी जाते."


आणि तरी बराच वेळ ती तिथंच बसून राहिली, बाजाराकडं बघत.