आडोसा

सायकलवाले त्याला आडोसा म्हणत. शर्यतीत पुढे राहून वारा अंगावर घेणारा एक गडी प्रत्येक संघात लागतो. त्याच्या चाकाला चाक लावून संघातला वेगवान खेळाडू दम राखत येतो आणि शेवटच्या दोनशे मीटरांत एकटा सुटतो. पुढच्याने तेवढ्यात बाजूला व्हायचं. कप दुसऱ्याच्या हातात. हे काम त्याने तरुणपणभर केलं आणि चोख केलं. त्याच्या संघातला वेगवान गडी, ज्याला सगळे बाण म्हणत, सांगायचा, "याच्यामागे बसलं की दार लावून खोलीत बसल्यासारखं वाटतं."

मागचा टिकलाय का, हे डाव्या खांद्यावरून वळून बघायची त्याला सवय लागली आणि मान कायमची तशी झाली. लग्नाच्या फोटोतही तो मागेच बघतोय. "मागून कोण येत होती, ते अजून सांगितलेलं नाही," असं बायको आल्यागेल्याला ऐकवते.

स्वतः जिंकायची संधी एकदाच आली. शेवटच्या वळणावर हँडलात हँडल अडकून अख्खा घोळका आडवा झाला, त्यात बाणही. हा सगळ्यांच्या पुढे. कानांत वारा, त्याला पत्ताच नाही. दोनशे मीटरांची पाटी दिसली तसा तो शिस्तीत उजवीकडे सरकला आणि पाय थांबवून वाट देत राहिला. कोणी येईना. आले ते घोळक्याच्या मागे राहिलेले दुसऱ्याच संघाचे दोघे. हा तिसरा. सोललेलं कोपर धरून बाण लंगडत आला आणि म्हणाला, "अरे, वाट दिलीस कुणाला? भुताला?" पुढे हा किस्सा तो स्वतःच सर्वांत रंगवून सांगायचा.

पाय थकल्यावर क्लबने त्याला प्रशिक्षक केलं. क्लब म्हणजे टायरच्या दुकानामागचं गॅरेज. खुंट्यांना टांगलेल्या सायकली, साखळीच्या तेलाचा वास, पत्र्याच्या डब्यात सुटे स्पोक. हा जुनी स्कूटर घेऊन पुढे, मुली मागे. काम तेच राहिलं, फक्त पेट्रोलवर.

मुलींत त्याच्या बहिणीची मुलगी होती, म्हणून सगळ्याच त्याला मामा म्हणत. भाचीवर तो इतरांच्या दुप्पट खेकसायचा. घरच्या पोरीला झुकतं माप दिलं, असं कोणी म्हणता कामा नये. संघात भाचीने वारा घ्यायचा आणि बेकरीवाल्याच्या मुलीने सुटायचं, हे ठरलेलं. गेल्या वर्षापर्यंत ते बरोबरही होतं.

मग निवडीची शर्यत आली. जिंकेल ती राष्ट्रीय संघात, बाकीच्या घरी. मामाने गॅरेजमध्ये नेहमीचंच सांगून टाकलं. भाचीने मान डोलावली आणि टायरमध्ये हवा भरत राहिली, गरजेपेक्षा बरीच जास्त.

सगळ्या गेल्यावर बेकरीवाल्याची मुलगी मागे रेंगाळली.

"मामा, स्कूटरच्या आरशात तुम्हाला काय दिसतं?"

"तुम्ही सगळ्या."

"मग चढावर मी हल्ली हिच्यामागे फरपटत येते, तेही दिसत असेल."

मामा चाकातला एक स्पोक उगाच पिळत बसला. "लोक म्हणतील, मामाने भाचीची सोय लावली."

"म्हणू देत. नाहीतर म्हणतील, मामाने भाचीलाच मामा केलं."

"आणि तुझे बाबा?"

"त्यांना मी बघते. तुम्ही तिला सांगा."

तो तसाच बहिणीकडे गेला. दार भाचीनेच उघडलं.

"तू सुटायचं. वारा ती घेणार," तो उंबऱ्यातूनच म्हणाला.

"आई काही बोलली का तुला?"

"तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीये."

"मग एकदम हे काय?"

"काय नाही. आरसा पुसला."

शर्यतीच्या दिवशी प्रशिक्षकांना दोनशे मीटरांच्या पाटीपुढे जायची परवानगी नव्हती. मामा तिथल्याच कठड्याला रेलून उभा होता. घोळका वळणावरून आला. सगळ्यांत पुढे बेकरीवाल्याची मुलगी, तोंड वासलेलं, खांदे डुलताहेत. तिच्या चाकाला चाक लावून भाची. पाटी आली. पुढची सफाईने बाजूला झाली, भाची सुटली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्या क्लबची एक उंच मुलगी. माणसं ओरडत रेषेकडे वळली.

मामा वळला नाही. बाजूला झालेल्या पोरीची सायकल आता नागमोडी चालली होती आणि तिचा बूट पेडलच्या खटक्यातून सुटत नव्हता. त्याने कठड्यावरून उडी टाकून सीट धरली.

"टाच बाहेर फिरव. डावी. हं."

पोर कठड्याला टेकून धापा टाकत राहिली. त्याने बाटली उघडून दिली. पहिला घोट तिने थुंकून टाकला.

"जिंकली का?"

"कोण जाणे."

"कोण जाणे म्हणजे? तुम्ही बघितलं नाहीत?"

"तू पडत होतीस."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत, सायकल ढकलत भाची आली. चेहरा धुळीने माखलेला, आवाज बसलेला.

"मामा! अर्ध्या चाकाने! पाहिलंस ना?"

"नाही."

भाचीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मैत्रिणीकडे. मग तिने स्वतःची सायकल सरळ त्याच्या हातात दिली आणि मैत्रिणीला खांद्याशी धरलं.

"तू जा, सायकल तपासायला पंच बोलावताहेत तुला. हिला मी बघते."