बाल्दोमेरोचा चेहरा

आमच्या गावात आडनावं फक्त पोस्टमनला ठाऊक. बाकीचे सगळे टोपणनावाने जगतात आणि टोपणनावानेच मरतात. इंदालेसिओ उबेदाला सगळे 'मढं' म्हणत, आणि त्याला त्याचा राग नव्हता. ते नाव त्याने कमावलेलं होतं. साठ साली परदेशी लोक आमच्या आल्मेरियाच्या उजाड डोंगरांत सिनेमे काढायला आले, तेव्हा अर्ध्या गावाने कुदळ टाकून बंदूक धरली. कुणी मेक्सिकन डाकू झाला, कुणी घोडेस्वार. इंदालेसिओच्या वाट्याला मरणं आलं. तो गच्चीवरून पडून मेला, घोड्यावरून मेला, जनावरांच्या पाण्याच्या हौदात मेला. एकदा तर सकाळी डाकू म्हणून मेला आणि दुपारी टोपी बदलून त्याच डाकूंना पकडायला आलेला शिपाई म्हणूनही मेला. पडद्यावर त्याचं नाव कधी आलं नाही. मुडद्याला नाव कशाला लागतं?

म्हातारपणी तो रोज जेवण झालं की सेसिलिओच्या बारमध्ये जाऊन बसे. दुपारी तिथल्या टीव्हीवर जुने काउबॉयचे सिनेमे लागतात. डॉमिनो खेळणारे म्हातारे एक डोळा सोंगट्यांवर आणि एक पडद्यावर ठेवून असत.

"आला, आला! गच्चीवर, डावीकडे!"

"पडलं बघा मढं! अरे, हात किती पसरतोस? कुणाला मिठी मारतोयस?"

"मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही," इंदालेसिओ म्हणे. "उद्या दुसऱ्या सिनेमात येतो परत. तुम्ही गेलात की परत यायचे नाहीत."

काउबॉयच्या सिनेमात तो असा फुलून येई. युद्धाचा सिनेमा लागला की मात्र गप्प होई. त्याला ते जास्त आवडत, म्हणूनच गप्प. त्या सिनेमांत मेलेल्या शिपायाच्या घरी कागद येतो. दारात दोन माणसं टोप्या काढून उभी राहतात, बाई एप्रनला हात पुसते आणि तिला सगळं कळतं. इंदालेसिओ हा प्रसंग कितीदाही बघू शकत असे. बाकीच्यांना ते रडगाणं वाटे. त्याला वाटे, काय नशीबवान बाई आहे.

त्याच्या आईच्या दारात कुणी टोपी काढली नव्हती. अडतीस साली, यादवी युद्धात, प्रजासत्ताकाकडची तरुण पोरं संपत आली, तेव्हा सरकारने बापे माणसं बोलावली, सदतीस-अडतीसची, पोराबाळांची. लोक त्यांना 'गोणपाटवाले' म्हणत, कारण अंथरूण-पांघरूण आपापल्या गोणपाटात बांधून घेऊन या, असा हुकूम होता. बाल्दोमेरो उबेदा गोणपाट खांद्यावर टाकून गेला. इंदालेसिओ तीन वर्षांचा होता. बाप परत आला नाही, पत्र आलं नाही, कागद आला नाही. पुढच्या वर्षी युद्ध जिंकलेल्या बाजूचे लोक घरोघर झडत्या घेत फिरले. पोरासकट आपल्याला उचलून नेतील या भीतीने आईने नवऱ्याचा होता तो एकुलता एक फोटो चुलीत घातला. मग त्यांच्या राजवटीत चाळीस वर्षं बाल्दोमेरोचं नाव मोठ्याने घ्यायची सोय राहिली नाही. इंदालेसिओने बापाचं तोंड आठवायचा फार प्रयत्न केला, पण त्याला आठवत होतं ते फक्त गोणपाट.

सदुसष्ट साली एका युद्धपटात त्याला शिपाई केलं. अंगात चुरगळलेला डगला, खांद्यावरून आडवी बांधलेली घोंगडी, हातात रायफल. मरायची पाळी यायच्या आधी सिनेमावाल्यांच्या फोटोग्राफरने गंमत म्हणून त्याचा एक फोटो काढला आणि चार दिवसांनी मोठा छापून हातात दिला. इंदालेसिओ तो मिरवत घरी घेऊन आला. आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरलेला. तिने फोटो खिडकीशी नेला, नाकाला लावून पाहिला आणि खालीच बसली.

"बाल्दोमेरो," ती म्हणाली. "कुणी दिला रे तुला हा?"

खरं सांगायला किती वेळ लागतो? एक वाक्य. पण आई फोटोवरून बोट फिरवत होती. "मिळाला," तो म्हणाला.

तिने तो चौकटीत घातला. दर वर्षी मेलेल्यांच्या दिवशी ती त्याच्यापुढे तेलाच्या वाटीत वाती सोडी आणि पोराला शेजारी उभं करी. "म्हण, बाबा." बत्तीस वर्षांचा बाप्या स्वतःच्याच फोटोपुढे हात जोडून म्हणे, "बाबा." पहिल्या वर्षी त्याला लाज वाटली. दुसऱ्या वर्षी कमी वाटली. पाचव्या वर्षी त्याला जाणवलं की मनात बाप आला की हाच चेहरा येतो. आई गेली, तरी चौकट भिंतीवर राहिली, वाती राहिल्या, 'बाबा' राहिलं. बायको आली आणि गेली, तिलाही त्याने सांगितलं नाही. मुलगी त्रिनी त्या फोटोला 'आजोबा' म्हणतच मोठी झाली.

मग काळ पालटला. ज्यांचं नाव घ्यायची चोरी होती, त्यांची प्रदर्शनं भरायला लागली. आमच्या सरपंचबाईंनीही गावच्या जुन्या धान्यकोठारात बेपत्ता झालेल्यांचं कायमचं दालन करायचं ठरवलं. त्रिनी ग्रामकचेरीत कामाला, तिनेच घरोघर अर्ज वाटले. नाव, जन्म, कुठे गेले, आणि एक फोटो. ज्यांचा फोटो नसेल, त्यांच्या नावावर माणसाची राखाडी आकृती छापणार होते, नाक-डोळे नसलेली.

त्या राखाडी आकृतीने इंदालेसिओचा घात केला. बापाला जग सोडून सत्तर वर्षं झाली, आणि भिंतीवर यायचं तर बिनतोंडाचं? त्याने मनाची समजूत काढली. कपाळ तर आपलं त्याच्यावरच गेलंय, आई म्हणायचीच. त्याने चौकट उघडून फोटो त्रिनीच्या हातात दिला.

उद्घाटनाला गेला तर दारातच तो स्वतः उभा! पुरुषभर उंच. बाकीच्यांचे फोटो टिकलीएवढे, विटलेले, लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेले. हा एकच असा, की डोळ्यातलं पाणीसुद्धा दिसावं. धंदेवाईक माणसाने काढलेला होता ना. तोच मग दारावर लागला, तोच पुस्तिकेच्या कव्हरवर, तोच शाळेत वाटलेल्या पत्रकावर. खाली लिहिलं होतं, 'बाल्दोमेरो उबेदा क्रूस. हाती शस्त्र घेऊन लढता लढता पडले.' हे कुणी सांगितलं, असं त्याने त्रिनीला विचारलं.

"कुणी सांगायला कशाला हवं, बाबा? फोटोतच दिसतंय की."

बायका रडत होत्या. शाळेच्या पोरांनी फुलं ठेवली. सेसिलिओ मात्र काठी टेकत त्या फोटोपुढे बराच वेळ थांबला, त्याही सिनेमात तो इंदालेसिओच्या शेजारीच मेला होता. मग तो कानाशी येऊन पुटपुटला, "ही घोंगडी माझ्याही खांद्यावर होती, मढ्या. फार चावायची."

"गप्प बस."

"मी गप्पच आहे. पण तुला आता मरायला जागा उरली नाही कुठे. भिंतसुद्धा सोडली नाहीस."

पुढच्या वसंतात एक बाई इंदालेसिओचं घर विचारत आली. साठीची, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. नाव कासिल्दा, हाएनकडची. तिचा बाप एलेउतेरिओ गोणपाटवाल्यांतलाच, मरेपर्यंत तिला त्याच त्या गोष्टी सांगत राहिलेला. वर्तमानपत्रात आमच्या दालनाची बातमी आणि बाल्दोमेरोचं नाव वाचून ती बस बदलत बदलत आली होती.

"मी आधी कोठारात गेले. म्हटलं, नाव बरोबर आहे, पण हा माणूस तो नाही. तिथल्या तिकिटाच्या बाईने मला तुमच्याकडे पाठवलं," ती म्हणाली आणि डबा उघडला.

तळहाताएवढा फोटो. एका भिंतीला टेकून तीन माणसं. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: एलेउतेरिओ, सोइलो आणि उजवीकडे बाल्दोमेरो उबेदा, पुढे आमच्या गावाचं नाव. उजवीकडचा माणूस बुटका होता. गाल बसलेले, कान पुढे आलेले, कपाळ अरुंद. त्याच्या हातात फावडं होतं, आणि आता फोटोवाला काय करतो कोण जाणे, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"रायफल कुठाय?" इंदालेसिओने विचारलं. पहिला प्रश्न त्याला हाच सुचला, आणि पुढे आयुष्यभर त्याची त्याला शरम वाटली.

"रायफली होत्या कुठे, दादा? ह्यांना खंदक खणायला नेलं होतं. पोसोब्लांकोकडे. जानेवारीत थंडी छातीत बसली आणि चार दिवसांत गेले. माझ्या बाबांनी आणि सोइलोने त्यांना त्यांच्याच गोणपाटात गुंडाळून पुरलं. बाबा म्हणायचे, बाल्दोमेरो फार घाबरायचा. विमान आलं की डोकं मातीत खुपसायचा. पण भाकरीचे तुकडे समान करायला त्याच्याच हातात द्यायचे. त्याने कधी मोठा तुकडा स्वतःला ठेवला नाही."

म्हणजे सत्तर वर्षांनी कागद आला होता. दोन टोपीवाल्यांच्या ऐवजी बिस्किटांचा डबा घेऊन एक बाई आली होती, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिने आणलेला फोटो घेऊन ग्रामकचेरीत गेला. सरपंचबाई आणि त्रिनी दोघींपुढे त्याने सगळं ओकून टाकलं. सिनेमा, घोंगडी, आईचा मोतीबिंदू. "तो मी आहे," तो म्हणाला. "तो उतरवा आणि हा लावा."

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बाबा," त्रिनी हळूच म्हणाली, "परवा तुम्ही गॅस चालू ठेवून बारमध्ये गेला होतात."

"गॅसचा काय संबंध?"

"रोज दुपारी तेच सिनेमे बघता. डोक्यात सरमिसळ होते माणसाच्या. आजीने मला स्वतः सांगितलंय, हे आजोबा आहेत म्हणून. ती नवऱ्याला ओळखणार नाही?"

"सेसिलिओला विचार!"

सेसिलिओला विचारलं. सेसिलिओ म्हणाला, "मला यात ओढू नका. माझी बहीण त्या दालनात तिकिटं देते."

सरपंचबाईंनी छोटा फोटो चष्मा लावून नीट पाहिला. वाईट बाई नव्हत्या त्या. "समजा, तुम्ही म्हणता ते खरं," त्या म्हणाल्या. "पुस्तिका वाटून झाल्यात. पोरं त्या चेहऱ्यावर निबंध लिहितात. उद्या वर्तमानपत्रात आलं की दारावर सिनेमाचा मुडदा उभा आहे, तर आधीच टपून बसलेले लोक म्हणतील, सगळंच खोटं. बाकीच्या एकेचाळीस घरांनी काय करायचं, इंदालेसिओ? आणि हा असा..." त्यांनी बुटक्या माणसाकडे पाहून शब्द शोधला, तो काही सापडला नाही. "हा आपण आत कोपऱ्यातल्या कपाटात लावू. वाया नाही जायचा."

"नाव काय लिहाल खाली?"

"नाव तर दारावर आहेच. एकच नाव दोन चेहऱ्यांना कसं देणार? इथे लिहू, 'खंदक खणणारे तीन अनोळखी मजूर'."

इंदालेसिओचं डोकं फिरलं. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाता!" तो ओरडला. "मेलेला बाप माझा, आणि तुम्ही..."

"लोणी आम्ही खाल्लं असेल," सरपंचबाई शांतपणे म्हणाल्या, "पण मढं आणून कुणी दिलं?"

त्याने फोटो खिशात घातला आणि उन्हातून घरी आला. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याने तो उभा केला आणि समोर खुर्ची ओढून बसला. या माणसाला आता एकच गोष्ट देता येण्यासारखी होती, आणि ती द्यायला जगात एकच माणूस शिल्लक होता. त्याने तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. चाळीस वर्षं तो 'बाबा' शब्द त्याने स्वतःच्याच चेहऱ्याला वाहिला होता, आणि आता हे आखूड कपाळ, हे पुढे आलेले कान पाहून त्याच्या आत काही हललं नाही. कुणी परका मजूर, थंडीने गारठलेला, त्याच्याकडे घाबरून बघत होता, एवढंच.

दुपार टळेपर्यंत तो तसाच बसला. शेवटी त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "माफ करा हं. मी तुम्हांला ओळखलं नाही."