दगडाजवळ आई काय बोलली

भामरागडच्या पलीकडे आमचं गाव. घरातला पहिला पदवीधर मी. इंग्रजी वाचतो, बोलतो, आणि त्याचा मला अभिमान आहे. परदेशी अभ्यासक आला तेव्हा दुभाष्या म्हणून गावानं मलाच पुढं केलं.

त्याच आठवड्यात बापाचा दगड उभा करायचा होता. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं दगड पुरतात. तो खूश असला तर दगड वाढतो. ढोल वाजले, लोक नाचले. सगळे पांगल्यावर आई दगडाजवळ बसली आणि बापाशी भांडू लागली. माडियात. मराठीत ते असं होईल:

"गेला ना बुढ्या? डोंगा अर्धा कोरून ठेवला, तो का तुहा बाप पुरा करन? नदी भरली तं मी पलीकडं कशी जाऊ? आन् वाढजो. नाई वाढला तं येऊन हलवीन तुले."

पाहुण्यानं हळूच विचारलं, काय म्हणतात त्या?

मला लाज वाटली. पदवीधर पोराची आई दगडाशी भांडते, हे याला कसं सांगू? म्हणालो, "काही नाही. बसली आहे."

त्यानं वहीत लिहून घेतलं.

पुढं चंद्रपूरला एका चर्चासत्रात प्राध्यापकांनी त्याच्या पुस्तकातलं पान वाचलं. या लोकांत नाच असतो, एकेका माणसाचा शोक नसतो. विधवा दगडाजवळ गप्प बसते, असं काहीसं. "बघा, आधीच मत ठरवून आलेला!" प्राध्यापक म्हणाले. टाळ्या पडल्या. मागून कुणी म्हणालं, "तो आला तरी. तुम्ही कधी गेलात भामरागडले?" वाद पेटला. मी उठून सांगायला हवं होतं. नाही उठलो.

पुस्तक घरी नेलं. आईनं त्यातला दगडाजवळचा आपला फोटो ओळखला.

"मी तुह्या बापाले बोलली, ते लिवलं?"

"लिवलं."

"डोंग्याचंबी?"

"हो."

"मंग चाल, त्याले वाचून दाखव. बुढ्याले वाटत असन, मी इसरली."

दगडासमोर पुस्तक उघडलं. इंग्रजी ओळींवर बोट फिरवत तिचंच बोलणं, आठवलं तेवढं, माडियात म्हणत गेलो. डोंगा झाला, हलवणं झालं. मी पुस्तक मिटलं.

"नदीचं राह्यलं," आई म्हणाली.