धुण्याचा धोंडा

"त्या धोंड्यावर आमच्या बायकांनी जलमभर धुनं बडवलं. तवा कुठं गेलता तुमचा वीर, मास्तर?"

"बन्सीधर, जरा सबुरीनं."

"सबुरीनंच इचारायलोय. धोंडा माघारी द्या. येवढंच म्हननं हाय माजं."

बारवेच्या वरच्या पायऱ्यांवर गाव बसलं होतं. बन्सीधरच्या बायकोचा, सुमनबाईचा, तेरावा कालच झालता. बन्सीधरच्या मुंडण केलेल्या डोक्यावर अजून खुंट फुटले नव्हते. ज्या धोंड्यासाठी हे चाललं होतं तो त्याच्या पाठीमागंच, बारवेच्या तोंडाशी, शेंदूर फासून उभा होता. गळ्यात झेंडूचा हार.

बन्सीधर म्हंजे आमचा जाळीवाला. गावाच्या खालच्या अंगाला ओढा आडवा येतो, तिथं कॅनॉल जमिनीत घुसतो आणि ओढ्याच्या पलीकडं वर निघतो. त्याला सायपन म्हणतात. सायपनाच्या तोंडाला लोखंडी गजांची जाळी. वरून जे वाहत येईल ते तिथं अडकतं. पऱ्हाट्या, शेवाळ, चपला, नवरात्रातले घट, फुगलेली शेळी. जाळी तुंबली की पाणी चढतं आन् पट्टी, म्हंजे कॅनॉलचा काठ, फोडून रानात शिरतं. म्हणून पाण्याची पाळी सुटली की तिथं लांब दांड्याचा आकडा घेऊन एक माणूस लागतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे काम बन्सीधर करतो. साहेब बदलले, गुत्तेदार बदलले, आकड्याचे दांडे बदलले. हा तिथंच.

मधूनच जाळीला माणूसबी लागतं. ते काढायचं काम कुणी नेमून दिलेलं नाही, पण दुसरं कोण काढणार? मानवतकडून पोलीस यायच्या आत यानं मढं काठावर घेतलेलं असायचं. बाई असली तर आधी अंगावरलं काहीतरी काढून तिच्यावर टाकायचा, मग माणसांना हाका मारायचा. त्याआधी कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. घरी आला की आंघोळ करून गपचिप जेवायचा. सुमनबाई विचारायची, "कुठलं हुतं?" हा म्हणायचा, "वरलं."

तात्याराव मास्तर आमच्याच गावचे. परभणीला शाळेत जिंदगी गेली, पेन्शन सुरू झाल्यावर त्यांना गावातली दगडं दिसायला लागली. रविवारी परभणीहून माणसं आणायचे. डॉक्टर, कॉलेजातली पोरंपोरी, कुणी सायकलवर, कुणी गाडीवर. कॅनॉलच्या पट्टीनं पायी चालायचं, बगळे-खंड्ये बघायचे, बारव उतरायची, अर्धं गाडलेलं महादेवाचं देऊळ बघायचं आन् सायपनाच्या बाभळीखाली जेवायचं. भाकरी, पिठलं, ठेचा सुमनबाईच्या हातचा. तिला ही माणसं आवडायची. "बाई, आपल्या गावात बघन्यासारखं हाय म्हनं काहीतरी," असं ती पाणवठ्यावर सांगायची आन् बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात कॅनॉल कोरडा होता. चालणाऱ्यांतली एक पोरगी धुण्याच्या जागेवर उतरली. तिथं कॅनॉलच्या सिमेंटी अस्तराची एक फरशी कधीची फुटलेली, आन् त्या खड्ड्यात कुणीतरी मागं एक लांबट काळा धोंडा पाचर मारल्यागत बसवलेला. खालचा भाग पाय टेकवायला, वरचा कपडे आपटायला. उतार असा शेवाळलेला असतो की त्या धोंड्याशिवाय मांजरबी उभं राहायचं नाही. पोरीनं वाकून कडेखाली हात घातला आन् म्हणाली, इथं घोड्याचा पाय आहे.

पहारी आल्या. धोंडा उलथला. पोटाकडच्या अंगाला तीन खण. खाली तलवार घेतलेला गडी आन् घोडा, मधी त्याला वर नेणाऱ्या बाया, माथ्यावर पिंडीपुढं बसलेला तोच गडी. वीरगळ, मास्तर म्हणाले, गावासाठी लढून मेलेल्याचा. नाव कुणाला सांगता येणार नाही, असंही म्हणाले. त्यावर किशनराव पुढं झाले. पूर्वी ते सरपंच होते, वरच्या आळीत त्यांचाच वाडवडिलार्जित जोर. म्हणाले, हा आमचा मूळपुरुष. मास्तर म्हणाले, कशावरून? तर म्हणाले, नाव ठावं नसलं म्हणून काय बाप बदलतो का, मास्तर?

धोंडा उलथवणारा पहिला हात बन्सीधरचा. बारवेपर्यंत ओढून नेणाराबी तोच. धोंड्याला हार घातला, फोटो काढला. उरला खड्डा. पावन्यांचा पाय मुरगाळंल म्हणून बन्सीधरनं त्यात सिमेंट ओतलं आन् थापीनं घोटून घोटून घरातल्या ओट्यागत गुळगुळीत केलं. सुमनबाई वर उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता आमी टेकायचं कशाला?"

"येवढे दिस वीराला बडवलंस. आता मला बडव."

बायका हसल्या. तीही हसली. कॅनॉल कोरडा, पाण्याला अजून महिने होते. पुढं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दिवाळी झाली, गव्हाच्या पाळीचं पाणी सुटलं. गढूळ पाणी धुण्याच्या जागेवर चढलं आन् घोटलेलं सिमेंट त्याखाली गेलं. धोंडा तिथं नाही हे सुमनबाईला ठावं नव्हतं असं कसं म्हणावं? तिनंच बारवेवर त्याला कुंकू लावलं होतं. पण पायाला कुठं ठावं होतं? बगलेत गाठोडं, नजर दुसरीकडं, तिनं सवयीनं पाय टाकला तो जुन्या जागेवर. मागं राहिलेल्या बायकांना फक्त पाण्याचा आवाज आला.

बन्सीधर जाळीवर होता. आधी एक फडकं आलं, मग लुगडं. कुणाचं तरी धुणं निसटलं म्हणून यानं आकड्यानं ओढून काठावर टाकलं, ज्याचं त्यानं न्यावं. मग एक सदरा आला. निळ्या पट्ट्यांचा, बगलेत काळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो सदरा त्यानं हातात धरला. वरून बायका पट्टीनं पळत यायलत्या, ओरडायलत्या. यानं एकदाच तिकडं बघितलं आन् आकडा पाण्यात घातला. ती लागली तेव्हा त्यानं कुणाला हाक मारली नाही. काठावर घेतली. अंगात बनियन तेवढं होतं, तेव्हा तोच ओला सदरा तिच्यावर पसरला. मग म्हणाला, "या आता."

तर त्या दिवशी बारवेवर ही बैठक होती. मास्तरांनी पहिल्या झटक्यात सांगून टाकलं की धोंडा माघारी न्यावा, इतिहास गेला चुलीत. पण आता धोंडा मास्तरांचा कुठं राहिलाय? किशनराव म्हणाले, एकदा उभा केलेला देव पुन्हा पालथा घालता येत नाही, गावाला दोष लागतो. वर बायकांचा पाय लागणार.

"लागलाच हाय की जलमभर," बन्सीधर म्हणाला. "तवा काय दोष लागलाता?"

"तवा म्हाईत नव्हतं."

"आन् आता म्हाईत हाय म्हून बाया मराव्या?"

किशनरावांनी नारळ फोडला, प्रसाद वाटला, बैठक उठली.

नळाचं पाणी आमच्या गावाला आठवड्यातून कधीतरी. धुणं काही थांबत नाही. बाया एकमेकींचा हात धरून त्याच जागी उतरायला लागल्या. त्यात बन्सीधरची सून राजेश्री. पोटुशी. रोज ती गाठोडं घेऊन निघाली की बन्सीधर जाळी सोडून पट्टीवर येऊन उभा राहायचा. इकडं जाळी तुंबायची. साहेबानं दोनदा खडसावलं. तेव्हा त्यानं साहेबालाच पायरी मागितली. साहेब म्हणाले, कॅनॉल धुण्यासाठी नाही, अस्तराला हात लावला तर गुन्हा दाखल होईल.

सिताराम त्याचा जोडीदार, बौद्धवाड्यातला. पाळीच्या दिवसांत दोघं आलटून पालटून जाळी सांभाळतात. त्याची बायको कुसुमबाईबी तिथंच धुते. सिताराम म्हणाला, "मी आनतो धोंडा. माजा काय तो देव बी न्हाई, बाप बी न्हाई. मला कशाचं भेव?"

"तुला देवाचं भेव न्हाई रे. वरच्या आळीवाले तुज्या वाड्यावर यायला कारनच धुंडायलेत. धोंड्याला तू हात लावू नगंस. बिलकुल न्हाई."

खोटं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या गावादेखत, बन्सीधरनं आपल्या दारापुढची पायरी खणायला घेतली. अखंड काळा दगड, त्याच्या आजानं बसवलेला. पोरगा आदिनाथ आडवा आला. म्हणाला, दादा, घराची पायरी कुणी काढतं का, येड लागलं का? हा म्हणाला, पहार धर नायतर बाजूला सरक. आदिनाथनं पहार धरली.

हातगाड्यावर दगड घालून, सितारामला सोबत घेऊन, तिघं पाणवठ्यावर आले. बन्सीधरनं कंबरेला दोर बांधला, दुसरं टोक बाभळीला, आन् छातीइतक्या पाण्यात उतरून पहारीनं आपणच घोटलेलं सिमेंट फोडलं. लवकर फुटंना. चांगलं घोटलं होतं. मग दगड घसरवत खाली घेतला, खांद्यानं दाबून बसवला, कडेनं दगडाच्या चिपा ठोकल्या. तोंड निळं पडलं होतं.

किशनराव फटफटीवरून चालले होते. थांबले.

"बन्सी, आता घरात काय उडी मारून जानार का?"

"जाऊ."

"सायबाला कळलं तर जाळी बी जाईल."

"कळू द्या."

किशनराव गेले. राजेश्री वर उभी होती. बन्सीधरनं तिला खाली बोलावलं, स्वतः पाण्यात उभा राहून तिचा हात धरला. तिनं एक पाय टेकवला, मग दुसरा. सगळा भार टाकला.

"डुगडुगायलाय का?"

"डाव्या अंगानं थोडा."

त्यानं अजून एक चिप ठोकली. तिनं पुन्हा भार टाकून बघितला आन् मान हलवली.

तेवढ्यात पट्टीवरून कुणीतरी ओरडलं की सायपनावर पाणी चढायलंय. सिताराम आन् आदिनाथनं दोर ओढून त्याला वर घेतलं. त्यानं सदरा पिळून खांद्यावर टाकला आन् तसाच निथळत जाळीवर गेला. पऱ्हाट्यांचा भाराच्या भारा येऊन बसला होता. बन्सीधरनं आकडा उचलला आन् खालून ओढायला सुरुवात केली.